त्रिकोणी कानातल्यांच्या मागे पैठण-तेरची वाट

सध्या इन्स्टावर मण्यांची त्रिकोणी, षटकोनी, चौकटीची कानातली जोरात चालू आहेत आणि बघणाऱ्याला वाटतं हे काहीतरी बाहेरून आलेलं खूळ आहे. मणी जपानी असतात बरेचदा, ते खरं, पण मण्यात भूमिती आणायचा उद्योग आपल्या मराठवाड्यात दोन हजार वर्षांपूर्वीच चालू होता.

कारण पायाखालचा काळा पाषाण. त्याच्या पोकळ्यांमध्ये अकीक, लालसर कार्नेलियन असले दगड तयार होतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात तर सरळ लिहिलंय की पैठणहून असला किमती दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं (रस्त्यांचं तेव्हाही तेच म्हणा). भोकरदनच्या उत्खननात मणी निघाले, तेरचे मणी तिथल्याच लामतुरे संग्रहालयात बघायला मिळतात.

तेव्हा आकार मण्यातच असायचा. षटकोनी, पिंपासारखा, दोन शंकू बुडाशी जोडल्यासारखा. दगड तापवायचा म्हणजे आतल्या लोहामुळं लाल रंग चढतो, मग घासून घासून पैलू पाडायचे आणि भोक दोन्ही टोकांकडून पाडत मध्ये भेटवायचं. ते नेमकं भेटतंच असं नाही, म्हणून जुना मणी उजेडाला धरला की कधीकधी आत बारीक पायरी दिसते. मला तर पैलूंपेक्षा ती पायरीच जास्त आवडते.

मग काच आली. तापलेल्या काचेची लांब पोकळ नळी ओढायची, तिचे बारके तुकडे करायचे, झाले मणी, भोक आयतंच. असा मणी स्वस्त पण सगळे सारखेच गोल, मग आकार आणायचं काम दोऱ्यावर आलं. आपल्याकडं काळी पोत सरळच ओवतात, पण तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या कामात मणी, कवड्या, आरसे यांच्या चौकटी आणि त्रिकोण बघा, डोळा ठरत नाही.

आत्ताच्या कानातल्यांत जो पेयोटी टाका (आधीच्या फेरीतल्या फटीत एकेक मणी बसवत जायची वीण) वापरतात त्याचं नाव अमेरिकेतलं, पण तसली वीण प्राचीन इजिप्तमध्येही होती. तीन मणी गोल बांधायचे, मग प्रत्येक फेरीत तिन्ही कोपऱ्यांवर दोन-दोन मणी आणि बाजूंना मधल्या फटीत एकेक, की सपाट त्रिकोण वाढत जातो. हेच चार कोपऱ्यांवर केलं तर चौकोन सपाट बसतच नाही, पिळवटतो, आणि काही जणी मुद्दाम तसाच ठेवतात, छान दिसतो.

यात मणी एकसारखे लागतात, म्हणून हिरोशिमाच्या मियुकी कंपनीचे नळीसारखे डेलिका मणी चालतात. बाजारातले साधे घेतले तर आधी ताटलीत ओतून जाडे-बारीक वेगळे करा, नाहीतर त्रिकोणाची एक बाजू फुगलीच म्हणून समजा.