टाळेबंदीतील नोंद आणि सरकारी नोकरी

‘कोरोनाच्या टाळेबंदीत पोलिसांनी पकडलेल्या अल्पवयीन मुलाला सरकारी नोकरी कधीच मिळत नाही’ हा समज पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मराठवाड्यातील मुलांच्या जिवाला विनाकारण घोर लावतो.

संचारबंदी मोडल्याबद्दल तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ नुसार जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद होती. म्हणून अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत, २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, तो किरकोळ अपराधच ठरतो. बाल न्याय मंडळाने मुलाला दोषी ठरवले, तरी याच बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार त्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अत्यंत गंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला, तरच हे संरक्षण मिळत नाही.

पडताळणीसाठी शाळेच्या दाखल्यावरून घटनेच्या दिवशीचे वय काढावे, कलम २४ मुळातून वाचावे आणि शंका उरल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात विचारावे. तेथे मुलांना मोफत सल्ला मिळतो.