सुपरमॅन अमेरिकेचा नागरिक कसा? दत्तक घेतल्यामुळे नव्हे

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: केंट दांपत्याने दत्तक घेतलं, म्हणून परग्रहावरून आलेला सुपरमॅन आपोआप अमेरिकी नागरिक झाला.

समज स्वाभाविक आहे, पण नुसत्या दत्तकविधानाने तिथे नागरिकत्व मिळत नाही. २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसारही मूल १८ वर्षांखालचं, नागरिक पालकाच्या ताब्यात राहणारं आणि कायदेशीर कायम रहिवासी लागतं. यानातून उतरलेल्या बाळाकडे व्हिसा कुठला? परदेशातून दत्तक आणलेली खरीखुरी मुलंही याच अटीपायी मोठेपणी अडकली आहेत, म्हणून हा फरक नीट कळायला हवा.

सुपरमॅनला तारतो १९५२ चा नियम. आईवडील अज्ञात असलेलं, पाच वर्षांखालचं मूल अमेरिकेत सापडलं, तर ते जन्मतः नागरिक धरतात. त्याचा जन्म देशाबाहेर झाल्याचं सिद्ध करायचं तर ते त्याला २१ वर्षं पूर्ण होण्याआधीच. म्हणजे लपवून ठेवलेलं यान तोवर कुणाच्या हाती लागलं असतं, तर नागरिकत्व गेलं असतं. त्यानंतर त्या पुराव्याचा उपयोग नाही.

पडताळायचं असेल तर अमेरिकी कायदेसंहितेचं आठवं शीर्षक, कलम १४०१, उपकलम 'एफ' वाचा. एकच वाक्य आहे.