स्वच्छ पत्ता: फोल्डर करून की रीराइट करून?

वेबपानाच्या पत्त्याच्या शेपटीचं .एचटीएमएल घालवायचे दोन मार्ग आहेत आणि ब्राउझरच्या पट्टीत बघून ते सहसा ओळखू येत नाहीत. एकात सर्व्हरवर खरोखरचं फोल्डर असतं. दुसऱ्यात, म्हणजे रीराइटमध्ये, फाइल जागची हलत नाही. सर्व्हर मागितलेला पत्ता मनातल्या मनात बदलून घेतो.

फोल्डरचं काम सरळ. 'संपर्क' नावाचं फोल्डर करा, संपर्क.एचटीएमएल त्यात हलवा, तिचं नाव इंडेक्स.एचटीएमएल करा. आता /संपर्क/ मागितलं की आतली इंडेक्स फाइल मिळते. शेवटची तिरकी रेघ लिहायची राहिली तर अपाची (पानं पुरवणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) स्वतःच 301, म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला, तिकडे जा' असा निरोप, देऊन ती जोडतो. फोल्डरात इंडेक्स ठेवायची विसरलात, तर 403 ('परवानगी नाही') येतो किंवा आतल्या फाइलींची यादीच जगाला दिसते.

सगळ्यात जास्त मोडतात त्या लिंक्स. पान एक पायरी आत गेलं, त्यामुळे नुसतं 'लोगो.पीएनजी' लिहिलेलं चित्र ब्राउझर /संपर्क/लोगो.पीएनजी इथे शोधतो. '../लोगो.पीएनजी' चालेल, पण '/लोगो.पीएनजी' असं मुळापासून लिहिणं बरं. (साइटच एखाद्या उपफोल्डरात असेल, तर ते फोल्डरही पत्त्यात घ्यावं लागतं.)

रीराइटमध्ये हा त्रास नाही, कारण /संपर्क आणि /संपर्क.एचटीएमएल एकाच पायरीवर आहेत. अपाचीवर .एचटीॲक्सेस या सेटिंग्जच्या फाइलमध्ये नियम असतो: या नावाची फाइल किंवा फोल्डर नसेल आणि पुढे .एचटीएमएल लावून फाइल सापडत असेल, तर ती द्या. त्याच्याच जोडीला जुना पत्ता नव्याकडे पाठवणारा 301 लिहिला, की दोन नियम एकमेकांकडे चेंडू टोलवत बसतात आणि ब्राउझर 'खूप रीडायरेक्ट्स' म्हणून हात वर करतो. 301 फक्त ब्राउझरने मूळ मागणीतच .एचटीएमएल लिहिलं असेल तेव्हाच लागू करा. तपासताना 302, म्हणजे तात्पुरता रीडायरेक्ट, वापरा. ब्राउझर 301 लक्षात ठेवतो आणि नियम दुरुस्त केला तरी जुनंच दाखवत राहतो. एंजिनएक्स हे अपाचीसारखंच दुसरं सॉफ्टवेअर तर .एचटीॲक्सेस वाचतच नाही, म्हणून होस्टिंग बदललं की सगळं नव्याने.

दोन्ही एकत्र करू नका. संपर्क.एचटीएमएल आणि संपर्क हे फोल्डर शेजारीशेजारी असतील, तर अपाची फोल्डरला धरतो आणि तुमचं पान बाजूला पडतं.

हाताने लिहिलेली वीस-पंचवीस पानं असतील तर आमचं मत फोल्डरला. पानं डेटाबेसमधून येत असतील तर रीराइटला पर्याय नाही.

वर नावं देवनागरीत लिहिली, ती वाचायच्या सोयीसाठी. खऱ्या पत्त्यात एकेका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं होतात: 'संपर्क' कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या खुणांसकट 54 अक्षरांची माळ होऊ शकते. फोल्डरची नावं छोट्या रोमन अक्षरांत ठेवा, शब्दांमध्ये आडवी रेघ. लिनक्स सर्व्हरला मोठं आणि छोटं अक्षर वेगळं वाटतं, घरच्या विंडोजला वाटत नाही. म्हणून घरी चालणारी लिंक सर्व्हरवर 404 ('पान सापडलं नाही') देते.