‘हो’ म्हणजे होच का?

बोलताना अडचण येणाऱ्या मुलाची मुलाखत फसते ती बहुधा प्रश्नामुळे. ‘शाळा आवडते ना?’ असं विचारलं की मूल मान डोलावतं, प्रश्न कळलेला नसला तरी. मोठ्यांच्या तावडीतून सुटायचा तो सगळ्यात सोपा मार्ग. तोच प्रश्न लगेच पुन्हा विचारला, तर ‘आपलं चुकलं वाटतं’ म्हणून ते उत्तर फिरवतं.

म्हणून आधी मुलाची हो-नाहीची खूण घरच्यांकडून समजून घ्यावी. कुणी डोळे वर नेतं, कुणी मूठ आवळतं. मग ती खूण तपासावी: चमचा दाखवून ‘हा चेंडू आहे का?’ असे उत्तर ठाऊक असलेले सहा-आठ प्रश्न, उलटसुलट क्रमानं. इथेही सगळीकडे ‘हो’च आलं, तर चित्रांकडे वळावं.

‘टॉकिंग मॅट्स’ ही त्यातली एक पद्धत, स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात जोन मर्फी यांनी १९९८ साली सुरू केलेली. मॅट म्हणजे चित्रं मांडायची छोटी चटई. तिच्या वरच्या कडेला तीन चित्रं: आवडतं, ठीकठाक, नावडतं. विषयाची चित्रं एकेक करून मुलाच्या हातात द्यायची, ‘याचं काय?’ एवढंच विचारायचं. ते कुठे ठेवायचं हे मूल ठरवतं. सगळी चित्रं एकाच रांगेत जायला लागली, तर त्याला नक्की न आवडणारी एखादी गोष्ट मध्येच द्यावी. काही कोरी कार्डंही हवीत, नाहीतर मुलाखत घेणाऱ्याला सुचलेल्या गोष्टींबद्दलच मूल बोलू शकतं. शेवटी एकेका चित्रावर बोट ठेवून खात्री करायची, बदल करू द्यायचा, मग मॅटचा फोटो.

प्रश्नानंतर मनात दहापर्यंत मोजावं. यंत्रावर अक्षरं जुळवणाऱ्या मुलाला मिनिटंही लागतात. मध्येच शब्द पुरा करून दिला की वाक्य आपलं होतं.

मदतनीसाचंही तेच. मुलाचा हात धरून टाइप करून घेण्याची एक पद्धत १९९०च्या दशकात गाजली. चाचण्यांमध्ये मूल आणि मदतनीस यांना एकमेकांच्या नकळत वेगवेगळी चित्रं दाखवली, तेव्हा टाइप झालं ते मदतनीसानं पाहिलेलं. लबाडी नव्हती, मदतनीसाचा हात नकळत चालत होता.

पालकांची सही म्हणजे मुलाची संमती नव्हे. ‘थांबा’चं कार्ड त्याच्या हाताशी हवं, आणि सुरुवातीलाच ते एकदा वापरून घ्यावं, मूल कार्ड उचलतं, आपण खरोखर थांबतो. ते न उचलता मूल तोंड फिरवत राहिलं, तरी थांबावं.

नुसत्या आवाजाच्या रेकॉर्डिंगवर भागत नाही. एक कॅमेरा चेहऱ्यावर, एक मॅटवर. मुलाखत उतरवून काढताना मुलानं काय केलं आणि त्याचा अर्थ कुणी काय लावला, हे वेगळ्या रकान्यांत लिहावं.