शेड्यूल जे आणि मीन्स टेस्ट : घर एकच, खर्चाचे हिशोब दोन

अमेरिकेत चॅप्टर ७ बँकरप्सी (दिवाळखोरीचा प्रकार, ज्यात बरीचशी कर्जं माफ होतात) फाइल करायची म्हटलं की घरखर्च लिहून काढावा लागतो, आणि घोळ नेमका तिथेच होतो कारण खर्च दोनदा विचारतात. एकदा शेड्यूल जे मध्ये (महिन्याच्या खर्चाचा फॉर्म) आणि (उत्पन्न जास्त असेल तर) परत मीन्स टेस्टमध्ये (तुमची ऐपत तपासणारी चाचणी), म्हणजे फॉर्म १२२ए-२ वर. दोन्हीकडे घर, खाणं, कपडे, गाडी, औषधपाणी अशीच नावं दिसतात, त्यामुळे लोक इकडचा आकडा उचलून तिकडे टाकतात आणि मग बेरीज वेगळी आली की घाबरतात. अहो, ती वेगळी येणारच.

शेड्यूल जे ला एवढंच कळायला हवं असतं की आज फाइल करताना तुमचं घर चालवायला महिन्याला खरंच किती लागतं. मीन्स टेस्टला तुमच्या खऱ्या किराण्याशी काही देणंघेणं नाही. तुमच्याएवढ्या कुटुंबाला किती खर्च मान्य करायचा हे तिथे आधीच ठरलेलं असतं. ही टेस्ट २००५ च्या कायद्याने आली, ऐपत असलेल्यांनी सरळ चॅप्टर ७ मध्ये कर्ज माफ करून घेऊ नये म्हणून.

आधी उत्पन्नाचं बघा, कारण फरक तिथूनच सुरू होतो. मीन्स टेस्ट मागे बघते: फाइल करण्याआधीच्या सहा पूर्ण कॅलेंडर महिन्यांची सरासरी. जुलैत कधीही फाइल केलं तर जानेवारी ते जून. मे मध्ये नोकरी गेली असली तरी त्याआधीचे पगार त्यात धरले जातात, सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शनचे) पैसे मात्र धरत नाहीत. शेड्यूल आय (उत्पन्नाचा फॉर्म, शेड्यूल जे चा जोडीदार) आत्ताची परिस्थिती विचारतं आणि तिथे सोशल सिक्युरिटीही लिहावी लागते. सहा महिन्यांच्या सरासरीवरून वर्षाचं उत्पन्न काढायचं, ते तुमच्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मीडियनपेक्षा (मधल्या उत्पन्नापेक्षा) जास्त नसेल तर १२२ए-२ भरायचाच नाही, विषय संपला. शेड्यूल जे मात्र कुणालाच चुकत नाही.

आता शेड्यूल जे. इथे लोक दोन उलट्या टोकाच्या चुका करतात. काहीजण लाजेपोटी खर्च कमी दाखवतात, काटकसरी दिसू म्हणून, आणि मग कागदावर महिन्याला चारशे-पाचशे डॉलर शिल्लक दिसतात जे प्रत्यक्षात कधीच नसतात. ट्रस्टी (केस तपासायला नेमलेला माणूस) विचारणारच ना, की शिल्लक आहे तर देणेकऱ्यांना का देत नाही? आणि काहीजण अंदाजाने फुगवतात, तेही नको, कारण खाली सही करताय ती खोटं लिहिलं तर शिक्षा होईल या अटीवर. बँक स्टेटमेंट काढा आणि बघा, दुसरा शहाणपणा नाही. आठवड्याचा किराणा २०० डॉलर असेल तर महिन्याचे ८०० नाहीत, वर्षाचे ५२ आठवडे भागिले १२, म्हणजे साधारण ८६७. हे ६७ डॉलर जवळपास सगळेच विसरतात. वर्षातून एकदा येणारे खर्च, गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे, बाराने भागून घालायचे. पगारातूनच कापला जाणारा हेल्थ इन्शुरन्स शेड्यूल आय वर आलेला असतो, तो जे वर परत लिहिला की डबल झाला. आणि जी क्रेडिट कार्डं माफच होणार आहेत त्यांचे मिनिमम पेमेंट इथे खर्च म्हणून लिहायचे नाहीत.

मीन्स टेस्टमध्ये खाणं-कपडे आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) नॅशनल स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या भत्त्याप्रमाणे, वजा करायला मिळतात, कमी खर्च केलात तरी पूर्ण, पावती नको. घराचा आकडा काउंटीप्रमाणे (जिल्ह्याप्रमाणे). टॅक्स, चाइल्डकेअर, कोर्टाने ठरवलेली पोटगी हे मात्र खरे असतील तेवढे. ४०१के (नोकरीतली निवृत्तीची बचत) मध्ये स्वतःहून टाकलेले पैसे इथे वजा होत नाहीत, शेड्यूल आय वर मात्र त्यासाठी वेगळी ओळ आहे.

सगळ्यात गोंधळाची गाडी. समजा हप्ता ४५० डॉलर आणि २० हप्ते राहिलेत. जे वर सरळ ४५० लिहायचे. मीन्स टेस्टमध्ये पुढच्या ६० महिन्यांत जेवढं देणं आहे त्याला ६० ने भागायचं, म्हणजे ९,००० भागिले ६०, फक्त १५०. (घाबरू नका, गाडीच्या मालकीच्या स्टँडर्डमधून, म्हणजे हप्त्यासाठी ठरलेल्या भत्त्यातून, हे १५० गेल्यावर जे उरतं तेही मिळतं.) पण गाडीवर कर्जच नसेल तर मालकीचं ते स्टँडर्ड मिळतच नाही. एका चॅप्टर १३ (हप्त्याने कर्ज फेडायची बँकरप्सी) केसमध्ये, रॅन्सम विरुद्ध एफआयए कार्ड सर्व्हिसेस, फिटलेल्या गाडीवर महिना ४७१ डॉलर वजा केले होते आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते नाकारले. पेट्रोल-मेंटेनन्सचा भत्ता वेगळा, तो मिळतो.

शेवटी मीन्स टेस्टच्या उत्पन्नातून हे खर्च वजा करून महिन्याला उरेल त्याला ६० ने गुणायचं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या केसेसना १०,२७५ डॉलरच्या खाली असेल तर सुटलात, म्हणजे महिन्याला साधारण १७१. १७,१५० च्या वर गेलं तर चॅप्टर ७ चा गैरवापर आहे असंच धरून चालतात. मधे असेल तर ती रक्कम तुमच्या साध्या विनातारण कर्जाच्या २५ टक्के भरते का ते बघतात.

टेस्ट पास झाली म्हणजे शेड्यूल जे कुणी बघत नाही असं समजू नका. शेड्यूल आय च्या उत्पन्नातून शेड्यूल जे चा खर्च वजा करून भरपूर शिल्लक दिसली तर एकूण परिस्थिती बघून यूएस ट्रस्टी (न्याय खात्याचा देखरेख अधिकारी) तरीही आक्षेप घेऊ शकतो. माझ्या मते म्हणूनच आधी शेड्यूल जे नीट भरावं, मीन्स टेस्ट वकिलाचं सॉफ्टवेअर करतंच. चॅप्टर १३ मध्येही उत्पन्न मीडियनखाली असेल तर हप्ता आय आणि जे वरूनच ठरतो.

आपल्याकडच्या लोकांचा एक खर्च राहतोच, आईबाबांना दर महिन्याला पाठवायचे पैसे. जे वर घरात न राहणाऱ्यांना मदत म्हणून त्याची ओळ आहे, तिथे लिहा. मीन्स टेस्टमध्ये मात्र ते वृद्ध, आजारी किंवा अपंग असून स्वतःचा तो खर्च भागवू शकत नाहीत, मदत आधीपासून चालू आहे आणि पुढेही राहणार आहे, असं असेल तरच वजा होतात, तेव्हा पैसे पाठवल्याच्या पावत्या जपून ठेवा.