यौवनलोपी म्हणवली गेलेली ग्रंथी

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर, थायमस नावाची मऊ, दुपाळी ग्रंथी असते. मराठी परिभाषेत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, आणि या नावातच तिच्याविषयीचा जुना समज साठलेला आहे: वयात येताच ती आक्रसते, तिची जागा चरबी घेते, म्हणजे तिचे काम संपले. वार्धक्यात किंवा केमोथेरपीनंतर तिला पुन्हा कामाला लावण्याचे प्रयत्न इतक्या उशिरा का सुरू झाले, हे या समजामुळेच कळते.

शंभर वर्षांपूर्वी शवविच्छेदनाला येणारे मृतदेह बहुधा गरिबांचे, दीर्घ आजाराने खंगलेल्यांचे असत. आजारपणाच्या ताणाने थायमस झपाट्याने लहान होते, हे ध्यानात न आल्याने तोच आकार डॉक्टरांनी प्रमाण मानला. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळाची ग्रंथी त्यांना ‘वाढलेली’ दिसू लागली, तिनेच श्वासनलिका दाबली असा निष्कर्ष निघाला आणि पुढे अनेक दशके निरोगी तान्ह्या मुलांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. त्यांतील कित्येकांना मोठेपणी थायरॉइडचा कर्करोग झाला. निरोगी अवयवालाच रोग ठरवण्याची ही चूक फार महाग पडली.

१९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर उंदरांतील ल्युकेमियाच्या विषाणूवर काम करत होते. जन्मतःच थायमस काढलेली पिल्ले काही आठवड्यांत खंगून मरू लागली. दुसऱ्या वाणाच्या उंदराची कातडी त्यांच्यावर रोपली, तर ती गळून न पडता टिकली आणि तिच्यावर परक्या रंगाचे केस उगवले. आपले-परके ओळखणाऱ्या पेशीच तयार झाल्या नव्हत्या. त्यांनाच टी पेशी म्हणतात, आणि त्यातला ‘टी’ थायमसचाच.

प्रौढपणी ती निरुपयोगी, हा समज मात्र टिकला. केमोथेरपीनंतर, थायमस अजून जोमात असलेल्या मुलांच्या टी पेशी लवकर भरून येतात आणि मोठ्यांच्या फार उशिरा, हे १९९५ च्या सुमारास स्पष्ट झाले. २०२३ मध्ये बॉस्टनच्या अभ्यासात थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावल्याचे आढळले. छातीचीच शस्त्रक्रिया झालेल्या, पण ग्रंथी राखलेल्या तुलनागटात हे प्रमाण २.८ टक्के होते. असा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नसला, तरी ती सहज काढून टाकण्याच्या प्रथेला त्याने प्रश्न विचारला.

एडिनबराच्या संशोधकांनी २०१४ मध्ये फॉक्सएन१ या एकाच जनुकाची क्रिया वाढवून म्हाताऱ्या उंदरांची थायमस पुन्हा वाढवून दाखवली. माणसांत वार्धक्यावरचा असा सिद्ध उपचार अजून नाही. मात्र थायमसविना जन्मलेल्या बालकांसाठी २०२१ मध्ये अमेरिकेने ऊतिरोपणाला मान्यता दिली. इतर बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत वाट मोकळी करताना काढलेले, एरवी फेकून दिले जाणारे थायमसचे तुकडे प्रयोगशाळेत जोपासून, त्यांच्या चकत्या मांडीच्या स्नायूत बसवतात. टी पेशी तयार व्हायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि तोवर त्या बाळाला संसर्गापासून जपून ठेवावे लागते.