बंदी उठली, पण नारळ कुठे पडलाय?

ऑगस्ट उजाडला की मुंबईच्या बाजारात ताजी मासळी दिसू लागते आणि कुणीतरी हमखास विचारतं, "नारळी पौर्णिमा व्हायचीय अजून, मग एवढ्यात मासळी कशी आली?" सरकारची पावसाळी मासेमारी बंदी आणि कोळ्यांची नारळी पौर्णिमा या दोन वेगळ्या गोष्टी आपण सर्रास एकच धरतो.

बंदी चालते तारखेवर: पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्राचा 1981 चा मासेमारी कायदा, त्यापुढे केंद्राचा आदेश. बिगरयांत्रिक होड्यांना सूट.

नारळी पौर्णिमा चालते तिथीवर. 2024 मध्ये ती 19 ऑगस्टला होती. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे थेट 30 ऑगस्टला, तोवर बंदी उठून महिना होत आला होता!

पूर्वजांनी मासे वाचवायला ही प्रथा काढली, असं दरवर्षी वाचायला मिळतं. मला ते फारसं पटत नाही. शिडाच्या होडीने जुलैच्या खवळलेल्या दर्यात जायचं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून वेसावे, मढ, वरळीला होड्या वर ओढून शाकारायच्या, जाळ्यांची भोकं सांधत बसायचं आणि दर्या निवला की सोनेरी कागदाने मढवलेला नारळ अर्पण करून पुन्हा बाहेर पडायचं. मासळीला अंडी घालायला उसंत मिळाली ती आपसूक. कुलूप समुद्राचंच होतं. इंजिन आलं, ट्रॉलर आले आणि ते कुलूप निकामी झालं, तेव्हा कागदावरच्या बंदीची गरज पडली.

बंदी निदान 15 ऑगस्टपर्यंत वाढवा, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी मागणी. कारण साधं आहे: पावसाळ्यातली पिल्लं ऑगस्टच्या सुरुवातीला अजून लहानच असतात. 2023 मध्ये राज्याने 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटही त्यांत आलं. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. तरी तळहाताएवढी पापलेटं स्वस्तात मिळाली की आपण पिशवी पुढे करतोच.

खाडीतल्या चिवण्यांची, म्हणजे तिथल्या छोट्या मासळीची, गोष्ट आणखी निराळी. गाबोळीने भरलेल्या चिवण्या ऐन पावसात, भर बंदीत विकायला येतात आणि चवीने खाल्ल्या जातात. बिगरयांत्रिक होडीतून धरल्या असतील तर त्यांना बंदी लागू नाही, आणि पौर्णिमेची वाट तर कुणीच बघत नाही.